खंडू मिस्त्री आणि आयरिनची बाव

खंडू साळवेला एका जागी बसवत नाही. जेवता जेवता तो उठतो आणि गॅलरीत चक्कर मारून येतो. नात्यातल्या कुणाच्या लग्नाला गेला तर बुद्धवंदना संपते न संपते तोच मांडवामागे जाऊन जनरेटरचा आवाज ऐकत उभा राहतो. सलूनमध्ये नंबर लावतो आणि खुर्ची रिकामी होईपर्यंत रस्त्याला तीन फेऱ्या घालतो. त्याची बायको सरोजा आता यावर काही बोलत नाही. त्याच्या अर्धवट ताटावर दुसरं ताट पालथं घालून ती आपलं जेवण उरकते.

पण मोटर वर काढायची असली की हाच माणूस तासन् तास हलत नाही. बोअरच्या तोंडाशी उकिडवा बसतो, पाइपाला तळहात लावतो आणि खाली काय चाललंय ते हातानेच ऐकतो. मीरा-भाईंदरमध्ये बत्तीस वर्षं त्याने हेच केलं. पंप बोअरमध्ये सोडायचा, जळाला की वर काढायचा, दुरुस्त करून पुन्हा सोडायचा. शांती नगरच्या सोसायट्या, भाईंदरचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने, वरसाव्याची हॉटेलं, उत्तनच्या भाजीच्या वाड्या, सगळीकडे त्याला खंडू मिस्त्री म्हणतात. बरोबर पंढरीनाथ असतो. तो कोकणातला, वयाने आठ वर्षांनी मोठा आणि बोलायला फारच कंजूष. दोघांचा एक जुना टेम्पो आहे. त्यात लोखंडी पाइपांची तीन पायांची घोडी, पुली, दोरखंड आणि पान्यांचा डबा.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्याला जीवनशेठचा फोन आला. जीवनशेठची उत्तनच्या रस्त्याला टँकर भरायची जागा होती. एक मोकळा प्लॉट, त्यात एक बोअर, वर जाड नळी आणि खाली दिवसभर टँकरची रांग. नोव्हेंबरात खंडूनेच तिथला पंप वीस फूट खाली सोडला होता. आता मोटर पुन्हा हवा खेचायला लागली होती. आणखी वीस फूट खाली घ्या, असं जीवनशेठचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकत दोघे दहाच्या सुमाराला पोचले. चार टँकर रिकामे उभे होते, ड्रायव्हर सावलीत पत्ते खेळत होते. खंडूने घोडी उभी केली, पुली अडकवली, आणि पहिला पाइप वर घेणार तोच कुंपणापलीकडून एका बाईने हाक मारली.

ती आयरिन. कुंपणाला लागून तिची वाडी. वय साठीच्या पुढे. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगा डिलन जहाजावर. वाल, मुळा, पालक, मेथी लावायची आणि स्वतः भाईंदरला नेऊन विकायची. खंडूने तिची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर एकदा दुरुस्त करून दिली होती, तेवढीच ओळख.

"मिस्त्री, ती घोडी घेऊन ये," ती म्हणाली. "बावीत कोला पडलाय."

विहिरीला तिकडे बाव म्हणतात. ही बाव दगडी बांधणीची, तिच्या आजेसासऱ्याने खणलेली. एका बाजूचा कठडा ढासळला होता. खंडूने वाकून पाहिलं. तीस फुटांवर काळसर पाणी, आणि पाण्याच्या वर बोटभर आलेल्या एका दगडाला पुढचे पंजे लावून कोल्हा लटकला होता. नुसतं नाक आणि कान दिसत होते. तो ओरडत नव्हता, धडपडत नव्हता. डोळे मात्र थेट वर, खंडूकडे लागले होते.

आयरिनने वनखात्याला फोन केला होता. त्यांची गाडी घोडबंदरच्या बाजूला अडकली होती. कुणी आत उतरू नका, एवढं त्यांनी बजावलं होतं. खंडू कठड्याला दोन फेऱ्या घालून आला. मग त्याने पंढरीनाथला घोडी आणायला पाठवलं आणि आयरिनकडे मासळीचा मोठा क्रेट मागितला.

क्रेटच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधले. तळाशी चार दगड घातले, म्हणजे तो पाण्यावर तरंगणार नाही, अर्धा बुडेल. घोडी विहिरीच्या तोंडावर उभी केली आणि पुलीवरून क्रेट हळूहळू खाली सोडला. तोवर पत्ते टाकून ड्रायव्हर जमले होते, जीवनशेठही आला होता. आयरिनने सगळ्यांना पार आंब्याच्या झाडामागे पिटाळलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

पहिल्यांदा क्रेट पाण्याला लागला तसा कोल्हा दचकून बाजूला झाला. त्याचा पंजा सुटला. तो पूर्ण पाण्याखाली गेला आणि वर आला तो विरुद्ध बाजूला. खंडूने दोर तसाच धरून ठेवला. श्वाससुद्धा जपून घेत होता तो. कोल्ह्याने एक गोल चक्कर पोहून घातली, मग दुसरी. तिसऱ्या चकरेत त्याचे पंजे क्रेटच्या काठाला लागले, आणि दमलेलं माणूस बाजेवर अंग टाकतं तसं त्याने स्वतःला आत लोटून दिलं.

पंढरीनाथ आणि खंडू दोघांनी मिळून दोर ओढला. तीस फूट, इंच इंच करत. मध्ये एकदा क्रेट भिंतीला घासला तेव्हा कोल्हा उठून उभा राहिला आणि तो पुन्हा बसेपर्यंत दोघांनी दोर तसाच ताणून धरला. तोंडाशी आल्यावर पंढरीनाथने क्रेट आपल्याकडे ओढला. काठ जमिनीला टेकायच्या आत ओलं, करड्या-पिवळ्या रंगाचं ते जनावर उडी मारून सुटलं, वालाच्या मांडवाखालून आरपार गेलं आणि खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत दिसेनासं झालं.

लोक हसले, बोलले, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहायला लागलं. खंडूचे दोन्ही हात ओल्या दोराने भिजले होते. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि ओठांना चव लागली. घाम असेल म्हणून त्याने ओठ पुसले, पण त्याचं मन तिथून हलेना. त्याने बादली खाली सोडली, पाणी वर घेतलं आणि ओंजळभर तोंडात घेतलं.

खारं. गुळण्या करायच्या पाण्यासारखं.

आयरिन त्याच्याकडे बघत होती. नाताळनंतर असं झालंय, असं तिने सांगितलं. मेथीची पानं कडेने करपतात. पाणीही इतकं खाली गेलंय की तिची मोटर अर्ध्या तासात बंद करावी लागते. बावीजवळ दगडाची डोण होती. पूर्वी गुरांसाठी भरायची, गुरं गेली तरी ती रोज संध्याकाळी भरत राहिली, कारण तिवरांतले कोल्हे, मुंगसं, पाखरं तिथे पाणी प्यायला यायची. चहूकडे खाडीचं खारं पाणी. तेवढंच एक गोड्या पाण्याचं ठिकाण त्यांना माहीत होतं. गेला महिनाभर मात्र तिने डोण भरली नव्हती. भाजीलाच पुरत नाही तर कोल्ह्यांना कुठून देऊ, असं ती स्वतःशीच बोलावं तसं बोलली. मग डोण कोरडी दिसल्यावर ते बिचारं बावीत डोकवायला गेलं असणार.

खंडूने विहिरीच्या भिंतीकडे पाहिलं. जुन्या पाण्याची खूण आताच्या पाण्यापासून निदान बारा फूट वर होती, आणि खालच्या दगडांवर मिठाची पांढरी रेघ धरली होती. कुंपणापलीकडे, तिथून साठ पावलांवर, जीवनशेठची बोअर होती. साठ पावलं हे त्याने नंतर मोजलं, पण त्या क्षणीही त्याला अंदाज होता.

इथे कुणाला वाटेल की तो तसाच टेम्पोत बसून निघून गेला. तसं झालं नाही. जीवनशेठने हाक मारली, टँकर थांबलेत म्हणून आठवण करून दिली. खंडूने घोडी उचलली, कुंपणापलीकडे नेली आणि दुपारी तीनपर्यंत पंप आणखी वीस फूट खाली सोडून दिला. पाणी धो धो आलं. जीवनशेठ खूश झाला. परतीच्या वाटेवर पंढरीनाथ एकदाच बोलला, "त्या बाईचं पाणी आता आणखी जाईल."

त्या दिवसापासून त्याची चुळबुळ वेगळ्याच थराला गेली. आधी जेवताना एकदा उठायचा, आता तीनदा उठायला लागला. काम वरसाव्याला असलं तरी स्कूटर उत्तनच्या रस्त्याला वळवायचा, कुंपणापाशी थांबायचा, लांबून वालाचा मांडव बघायचा आणि आयरिनला न भेटताच परत फिरायचा. मार्चमध्ये तो मांडव अर्धा पिवळा पडला होता.

एका सकाळी तो शांती नगरमध्ये स्वतःच्या बिल्डिंगखाली उभा होता. सोसायटीचा टँकर आला, नळी टाकीत सोडली गेली. टँकरच्या दारावरची हिरवी पट्टी आणि ड्रायव्हरचा चेहरा खंडूच्या ओळखीचे होते. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एक. त्याने विचारलं, हे पाणी कुठून भरता? ड्रायव्हर हसला. "आपने ही तो मोटर डाला है, मिस्त्री."

वर येऊन त्याने सरोजाला सगळं सांगितलं. कोल्हा, खारं पाणी, वीस फूट आणि वीस फूट, आणि आपल्या नळाला येतंय ते कुठलं, तेही. सरोजा महापालिकेच्या शाळेत शिपाई आहे. कामावर निघायची तिची घाई होती, पण तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आपल्या गावची विहीर आटली तेव्हा आई कुणाला बोलायच्या, आठवतंय?" तिने विचारलं.

त्याला आठवत होतं. तो ते कधीच विसरला नव्हता, फक्त तिकडे पाहायचं टाळत होता.

जालना जिल्ह्यात परतूरच्या बाजूला त्याचं गाव. बौद्धवस्तीची विहीर वेगळी. गावच्या विहिरीवर जायची सोय नव्हती म्हणून आजोबांच्या पिढीने अंगमेहनतीने खणलेली. ती उथळ होती, पण मेपर्यंत घागर बुडायची. खंडू अठरा वर्षांचा असताना वरच्या अंगाला एका बागाईतदाराने बोअर पाडली. दोन वर्षांत वस्तीची विहीर माघातच कोरडी पडायला लागली. बायका दीड कोसावरून पाणी आणायच्या. त्याच हालात खंडूने गाव सोडलं. त्याची आई त्या बागाईतदाराला फारसं बोलत नसे. त्याला आपलं शेत दिसत होतं, ती म्हणायची. ती बोलायची बोअरवाल्या मशीनच्या माणसाला. तो दोन दिवस वस्तीशेजारी राहिला, ती म्हणायची, आमच्याच विहिरीचं पाणी प्यायला, आणि खाली काय होणार हे त्याला एकट्याला कळत होतं.

"त्याला तरी कळत होतं," सरोजाने सासूचे शब्द जसेच्या तसे म्हटले आणि पिशवी उचलून ती कामावर गेली.

खंडूने स्कूटर काढली. उत्तनला पोचेपर्यंत काय बोलायचं ते त्याने चार प्रकारे ठरवलं आणि आयरिनसमोर उभा राहिल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. ती करपलेले वेल उपटून ढीग करत होती. त्याने सरळच सांगून टाकलं. नोव्हेंबरात पंप मी खाली सोडला. कोल्हा काढला त्या दिवशीही, तुमच्या बावीचं पाणी चाखल्यानंतर, तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सोडला.

आयरिन वेल उपटत राहिली. "मना माहीत हाय," ती म्हणाली. "तुझी घोडी इथून दिसते." मग सरळ उभी राहून तिने कमरेला हात लावला. "माफी नको मना. पानी कसा गोड होल ते सांग."

ते त्याला सांगता येत होतं. तो तिथेच मातीत बसला आणि काडीने चित्र काढून त्याने समजावलं. समुद्राजवळ जमिनीत खोलवर खारं पाणी असतंच. पावसाचं गोड पाणी मुरतं आणि दुधावर साय धरावी तसं त्याच्यावर तरंगून राहतं. वरवरून थोडं थोडं घेतलं तर साय टिकते. पंप खोल सोडून जोरात ओढलं तर खालचं खारं वर चढतं, आणि एकदा चढलं की उतरायला पावसाळे लागतात. पंप वर घ्यायला हवा, उपसा कमी व्हायला हवा आणि पावसाचं पाणी इथेच मुरायला हवं.

मुरायचं म्हटल्यावर आयरिनने हातातले वेल खाली टाकले. मग त्याला वाडीच्या खालच्या टोकाला घेऊन गेली. तिथे पूर्वी बावखल होतं, पावसाचं पाणी साचणारं लहानसं तळं. पंधरा वर्षांपूर्वी तिच्याच नवऱ्याने त्यात डबर आणि माती टाकून भरणी केली होती, मुळ्याचे चार वाफे जास्त निघतील म्हणून. ती तेव्हा काही बोलली नव्हती.

त्याच दिवशी खंडू जीवनशेठकडे गेला. पंप चाळीस फूट वर घ्या आणि दिवसाला वीसऐवजी सहा टँकर भरा, असं त्याने सांगितलं. जीवनशेठ रागावला नाही. तो हसला आणि खंडूलाच विचारायला लागला. शांती नगरात तुझ्या सोसायटीत पाणी कमी पडलं की सेक्रेटरीला पहिला फोन कोण करतं? लोकांना पाणी हवंय, मी देतो. मी बंद केलं तर दुसरा खणेल. खंडूला त्यातलं काहीच खोटं म्हणता येईना. यापुढे इथल्या मोटरला मी हात लावणार नाही, एवढं सांगून तो निघाला. जीवनशेठने दुसरा मिस्त्री पाहिला.

आता उत्तर शोधायचं तर घरापासूनच शोधावं लागणार होतं. त्यांच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक बोअर होती. पाणी मचूळ म्हणून दहा वर्षांपूर्वी लोखंडी झाकण ठोकून बंद केलेली. खंडूने पंढरीनाथला बोलावून झाकण उघडलं. पाणी पिवळसर होतं, जिभेला बरं नव्हतं, पण संडासाच्या टाक्यांना आणि गाड्या धुवायला काय वाईट होतं? सेक्रेटरी आशाबेन हुशार बाई. तिने मीटिंग बोलावली. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दोनदा म्हणाले, "खंडूभाई, टँकर बंद मत करवाना," आणि वासाबद्दल, डागांबद्दल, नव्या पाइपलाइनच्या फोडाफोडीबद्दल तासभर वाद झाला. खंडू त्या तासात चार वेळा बाहेर जाऊन आला. पाचव्यांदा उठला तेव्हा आशाबेनने त्याला खुणेनेच बसवलं आणि ठराव वाचून दाखवला. फ्लशसाठी वेगळी लाइन, आणि गच्चीचं पावसाचं पाणी गटारात न सोडता गाळून त्या बोअरमध्ये. काम पुरं व्हायला मे उजाडला. दिवसाचे तीन टँकर होते, ते एकावर आले.

एका सोसायटीने काय होतं? खंडूला हेच खात होतं. पण त्याआधीच दुसरीकडून गाडं अडलं होतं. एप्रिलच्या मध्यात जीवनशेठच्या बोअरचंच पाणी खारं झालं. आधी थोडं, मग इतकं की लोकांचे साबण फेसाळेनात. सोसायट्यांनी टँकर परत पाठवायला सुरुवात केली. नव्या मिस्त्रीने पंप आणखी खाली घ्यायचा सल्ला दिला. जीवनशेठने, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, तो ऐकला नाही. त्याने खंडूला फोन केला आणि म्हणाला, "तू काय ते सायीचं सांगत होतास, ते परत सांग."

चाळीस फूट पाइप वर आला. मग खंडूने स्टार्टरला एक स्विच जोडला. बोअरमधलं पाणी ठरावीक खुणेखाली गेलं की मोटर आपोआप बंद पडणार आणि पाणी भरून आल्याशिवाय चालू होणार नाही. पहिला महिनाभर दिवसाला जेमतेम चार टँकर भरायचे, तेही पिण्याचं नव्हे, वापरायचं पाणी म्हणून सांगून, असं त्याने बजावलं. जीवनशेठने मान डोलावली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात खंडू न सांगता तिथे गेला तर मोटर दोन तासांच्या वर सलग चालू होती. त्याने स्टार्टरची पेटी उघडली. स्विचला वळसा घालून एक वायर थेट जोडलेली होती. कुणी जोडली ते ड्रायव्हर सांगेनात, जीवनशेठ नजर चुकवत होता. खंडूने वायर काढली, पेटी बंद केली आणि पेटीसमोर खुर्ची टाकून बसला.

अकरा दिवस तो सकाळी सातपासून दुपारपर्यंत तिथे बसला. बाकीची कामं पंढरीनाथने एकट्याने सांभाळली. त्या अकरा दिवसांत खंडूचे पाय शिवशिवायचे, बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायची, तो दहा वेळा उठून पुन्हा बसायचा, पण पेटी नजरेआड होऊ द्यायचा नाही. तिसऱ्या दिवसापासून आयरिन कुंपणावरून चहा द्यायला लागली. सहाव्या दिवशी जीवनशेठने स्वतः छत्री आणून खुर्चीशेजारी रोवली. बाराव्या दिवशी तो म्हणाला, "आता घरी जा. कुलूप घाल आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव." खंडूने पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

पावसाळ्याच्या तोंडाशी आयरिनने बावखल मोकळं करायला घेतलं. एका बाजूने ती, पंढरीनाथ आणि खंडू, दुसऱ्या बाजूने जीवनशेठने पाठवलेला जेसीबी. नवऱ्याने भरलेलं डबर बाहेर येताना ती जेसीबीपाशी उभी राहून प्रत्येक बकेट बघत होती. मुळ्याचे वाफे गेले. सप्टेंबरात तिथे गुडघाभर पाणी होतं आणि एक खंड्या पक्षी रोज येऊन बसत होता.

पाऊस संपल्यावर खंडूने दर पंधरा दिवसांनी बाव मोजायला आणि चाखायला सुरुवात केली. नोव्हेंबरात पाणी वरवर गोड होतं, तळाशी खारंच. आयरिन वरचंच पाणी घ्यायची, तेही सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. जानेवारीत मेथी कडेने करपली नाही. डोण पुन्हा भरायला लागली. तरी मार्चच्या शेवटी पाण्याला पुन्हा पुसटशी मचूळ चव आली आणि खंडू दोन रात्री अस्वस्थ होता. आयरिनने त्याला सांगितलं की सासऱ्यांच्या वेळेलाही मे महिन्यात थोडी चव यायचीच, एवढं जिवाला लावून घेऊ नको. त्याला ते पटलं नाही. मे कुठे आणि मार्च कुठे?

कोल्हे लगेच आले नाहीत. एप्रिलच्या एका पहाटे आयरिनने खंडूला फोन करून बोलावून घेतलं. तो पोचला तेव्हा जेमतेम उजाडलं होतं. दोघे पडवीत उभे राहिले. तिवरांच्या बाजूने एक कोल्ही आली. मागे दोन पिल्लं. डोणीपाशी थांबून तिने बराच वेळ हवा हुंगली. मग पाणी प्यायली, आणि पिल्लांनी काठावर पंजे ठेवून चपचप आवाज करत प्यायला सुरुवात केली. गेल्या वर्षी बावीतून काढलेला कोल्हा हिच्याच गोतावळ्यातला का, ते कळायचा काही मार्ग नव्हता. आयरिन हळूच छातीवर क्रूसाची खूण करून काहीतरी पुटपुटली. खंडूचा एक पाय पडवीच्या पायरीवर अखंड हलत होता.

पिल्लं पाणी पिऊन दूर गेली तोच पश्चिमेकडून एका जड गाडीचा घरघराट आला. कोल्ही कान टवकारून पिल्लांसह तिवरांत शिरली. खंडू कुंपणाशी जाऊन पाहायला लागला. दोन शेतं सोडून, नुकत्याच साफ केलेल्या एका प्लॉटवर बोअर पाडायचं मशीन लागत होतं. लांब दांडा आकाशात उभा राहत होता.

"तो प्लॉट विकला परवा," आयरिन म्हणाली. "पानीवालेच हायेत म्हणतात."

तिने चहाचं विचारलं. त्याने हात हलवून नको म्हटलं आणि स्कूटर चालू केली. बांधाच्या वाटेने जाताना गाडी दोनदा घसरली. मशीनवाल्यांपैकी एक माणूस दोर सोडत होता, दुसरा ताडपत्रीवर बसून वडापाव खात होता. खंडूने किती फूट जाणार ते विचारलं. दोर सोडणाऱ्याने तीनशे सांगितलं, पाणी लागेपर्यंत.

"खारं लागेल," खंडू म्हणाला. "आधी तुमचं, आणि मग इथल्या सगळ्यांचं."

त्या माणसाने खांदे उडवले. आपण काय, सांगतील तिथे पाडतो. खंडूने त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. तिशीतला असेल, बोली मराठवाड्याची वाटत होती. मग खंडूने खाली बसून एक काडी उचलली आणि आयरिनला समजावताना काढली होती तशीच रेघ धुळीत ओढली. वडापाव खाणारा माणूस जरा सरकून पाहायला लागला. प्लॉटचा मालक दहा वाजता येणार होता. खंडूने तिथेच थांबायचं ठरवलं.